‘पार्टी पेमेंट देत नाही’ हासुद्धा कीवर्डच आहे

वाचकाचं पत्र:

“मी भोसरीचा. बावीस वर्षं एका कंपनीत प्रॉडक्शन आणि कॉस्टिंग बघितलं, आता तीन वर्षं झाली, छोट्या सीएनसी-व्हीएमसी जॉब वर्कवाल्यांना (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर कंपन्यांचे पार्ट करून देणाऱ्यांना) धंद्याचं कोचिंग करतो. रेट कसा काढायचा, वसुली, माणसं, दुसरं मशीन घ्यायचं की नाही, असलं सगळं. सहा महिन्यांचे पंचवीस हजार घेतो. भाच्याने वेबसाइट करून दिली. एका एजन्सीकडून पाचशे कीवर्डची, म्हणजे लोक गूगलवर टाइप करतात त्या शब्दांची, एक्सेल शीट विकत घेतली, त्यातले पंधरा-वीस भाच्याने पानोपानी टाकले. सात-आठ महिने झाले, फोन येतात ते एमबीएच्या क्लासची फी विचारायला! इतक्या बारक्या कोपऱ्यातल्या कामासाठी कीवर्ड शोधायचे कसे? टूलमध्ये माझ्या कामाचं काही टाकलं की शून्य दाखवतं, म्हणजे कोणी शोधतच नाही का?”

नमस्कार दादा,

एमबीएच्या फोनचं आधी सांगतो, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. तुमच्या साइटवर जागोजागी ‘बिझनेस कोचिंग पुणे’ लिहिलं असणार आणि आपल्याकडे पुण्यात कोचिंग म्हटलं की बारावी झालेलं पोरगं, सीईटी, एमपीएससी, नाहीतर एमबीएची एंट्रन्स. गूगलने तुम्हाला बरोबर त्याच लोकांपुढे नेऊन उभं केलं, त्याची काही चूक नाही. तुमचा जो गिऱ्हाईक आहे, म्हणजे दोन व्हीएमसी आणि एक टर्निंग सेंटर टाकून बसलेला, सकाळी मटेरियल आणायला स्वतः जाणारा आणि रात्री दहाला बिलं करणारा माणूस, तो आयुष्यात कधी ‘मला बिझनेस कोच हवाय’ असं टाइप करणार नाही. त्याला माहितीच नाही की असा कोणी माणूस असतो, आणि माहिती असलं तरी त्याच्या डोक्यात कोच म्हणजे हॉटेलच्या हॉलमध्ये टाळ्या वाजवायला लावणारा सुटाबुटातला कोणीतरी.

त्याला जे छळतंय ते तो टाइप करतो. तुमच्या धंद्याचे कीवर्ड तिथे आहेत, त्या शीटमध्ये नाहीत.

ती पाचशेची शीट मी पाहिलेली नाही पण अशा शीटमध्ये काय असतं ते साधारण ठरलेलं असतं. बिझनेस कोच, बिझनेस ग्रोथ, बिझनेस कसा वाढवावा, कमी भांडवलात बिझनेस, घरबसल्या बिझनेस आयडिया. आकडे मोठे दिसतात म्हणून विकायला बरे. पण ‘बिझनेस आयडिया’ शोधणाऱ्याकडे अजून बिझनेसच नाहीये ना, तो तुम्हाला पंचवीस हजार कशाला देईल? शीट ठेवून द्या बाजूला, पैसे गेले ते गेले.

आता हिशोब करू. एका वेळी तुम्ही किती वर्कशॉप सांभाळू शकता, दहा? बारा? म्हणजे वर्षाला वीस-पंचवीस गिऱ्हाइकं झाली की तुमचे दोन्ही हात भरले, त्यातली निम्मी तर ओळखीने, टूल सप्लायर आणि सीएच्या सांगण्यावरूनच येणार, भोसरीत ते तसंच चालतं. मग वेबसाइटने वर्षाला दहा माणसं आणली तरी बास आहे. दहा माणसांसाठी महिन्याला दहा हजार सर्चचा शब्द कशाला पाहिजे? महिन्याला चाळीस माणसं आली पण चाळीसच्या चाळीस मशीनमालक असली तर ती साइट सोन्याची. आणि गूगल स्वतःच कित्येक वर्षं सांगतंय की रोजच्या सर्चपैकी साधारण १५ टक्के सर्च असे असतात की जे आधी कधीच कोणी केलेले नव्हते. टूल ते कुठून दाखवणार?

शून्याचं कोडं पण तिथेच सुटतं. गूगलचं कीवर्ड प्लॅनर हे मुळात जाहिराती विकण्यासाठी आहे, अकाउंटवर जाहिरात चालू नसेल तर ते नेमका आकडा देतच नाही, १० ते १००, १०० ते १ हजार अशा ढोबळ पट्ट्या देतं, आणि बारीक शब्द असला की डॅश मारून मोकळं होतं. त्यात परत मिळतेजुळते शब्द एकत्र मोजतं. गूगल ट्रेंड्सचंही तसंच, ते ० ते १०० असा तुलनेचा आकडा देतं, माणसं किती ते सांगत नाही, आणि सर्च कमी असले की पुरेसा डेटा नाही म्हणतं. टूल चाळणी म्हणून वापरा, दोन शब्दांमधला जास्त चालणारा कुठला एवढंच बघायला. विहिरीला पाणी आहे का ते त्याला विचारू नका.

मग शब्द आणायचे कुठून? तुमच्याकडे तीन वर्षांचं व्हॉट्सअॅप आहे की! एक वही घ्या (एक्सेल नको, आत्ता तरी नको) आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा पहिला मेसेज, पहिला फोन आठवून लिहा, त्याच्याच शब्दात, सुधारून लिहू नका. मला खात्री आहे असलं काहीतरी निघेल: काम भरपूर आहे पण महिनाअखेर हातात काही राहत नाही. पार्टीने नव्वद दिवस झाले पेमेंट अडकवलंय. ऑपरेटर दोन हजारासाठी शेजारच्या गाळ्यात गेला. कंपनी म्हणते रेट कमी करा नाहीतर काम दुसऱ्याला देतो. दुसरं व्हीएमसी घेऊ का, बँकवाला लोन देतोय. तुम्ही याला वर्किंग कॅपिटल मॅनेजमेंट आणि एम्प्लॉयी रिटेन्शन म्हणत असाल, साइटवर तसंच लिहिलं असेल, पण ती तुमच्या कंपनीतली भाषा झाली, गाळ्यातली नाही.

गुरुवारी एमआयडीसी बंद असते तेव्हा दोन-चार जुन्या गिऱ्हाइकांकडे चहाला जा. त्यांना विचारा की यूट्यूबची सर्च हिस्टरी जरा दाखवता का, धंद्यासाठी काय काय शोधलं होतं ते बघायचंय. ओळखीतला माणूस दाखवतो. मला तर वाटतं वर्कशॉपवाले गूगलच्या आधी यूट्यूबवरच जातात, हात ऑइलचे असतात, बोलून शोधतात, आणि वाचण्यापेक्षा बघणं सोपं. तिथे तुम्हाला जे शब्द दिसतील ते कुठल्याही एजन्सीकडे नाहीत.

वहीत तीस-चाळीस वाक्यं झाली की मग गूगल उघडा, इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे तुमच्या स्वतःच्या जुन्या सर्चची भेसळ कमी होईल. ‘मशीन अवर रेट’ (मशीन तासभर चालवायचा दर) टाइप करा आणि एंटर मारू नका, खाली काय सुचवतंय ते बघा. मग पुढे एक स्पेस देऊन ए टाका, बी टाका, सी टाका, असं करत जा. कॅल्क्युलेशन, एक्सेल, फॉर्म्युला, व्हीएमसीसाठी, सीएनसी टर्निंगसाठी असले तुकडे जोडून सुचवण्या यायला लागतील. मग तोच खेळ ‘व्हीएमसी जॉब वर्क’, ‘उद्यम’ (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), ‘पेमेंट नाही दिलं तर’ यावर करा. यूट्यूबच्या सर्चमध्ये पण करा, तिकडच्या सुचवण्या वेगळ्या असतात. ‘लोक हेही विचारतात’ हा जो डबा येतो त्यातला एक प्रश्न उघडला की खाली आणखी दोन-तीन उगवतात, पाच मिनिटं तिथे घालवा. आणि मशीन अवर रेटवरच्या व्हिडिओंच्या खालच्या कमेंट वाचा, खरंच वाचा, तिथे माणूस सरळ विचारतो की सर माझं मशीन सेकंडहँड आहे तर घसारा कसा धरायचा. हा प्रश्न म्हणजे तुमचं एक अख्खं पान.

एआयला विचारलं तर चालतं का, हे भाचा विचारेलच. एका वाक्याची वीस रूपं करून घ्यायला चालतं. पण तो सांगेल ते सर्चचे आकडे खरे धरू नका आणि गाळ्यातली भाषा त्याला तुमच्याइतकी येत नाही.

आता एक गंमत बघा जी पुष्कळ जण चुकतात. ‘व्हीएमसी जॉब वर्क भोसरी’, ‘सीएनसी टर्निंग जॉब वर्क चाकण’ हे शब्द तुम्हाला मिळतील, लोक ते शोधतात, स्पर्धाही फार नाही, भाचा उड्या मारेल. पण हे शोधतंय कोण? कंपनीतला परचेसवाला! त्याला वेंडर हवाय. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे तो वेंडर, आणि तो शोधतो ‘जॉब वर्कच्या ऑर्डर कशा मिळवायच्या’, ‘कंपनीत वेंडर रजिस्ट्रेशन कसं करायचं’. शब्द जवळजवळ तेच पण टेबलाच्या दोन बाजू आहेत. म्हणून वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे लिहा की हे टाइप करणारा माणूस कोण, मशीनमालक, परचेसवाला, डिप्लोमाचा विद्यार्थी की नोकरी शोधणारा ऑपरेटर. ‘मशीन अवर रेट म्हणजे काय’ हे विद्यार्थी शोधतो, परीक्षेसाठी. शिवाय असल्या व्याख्येच्या प्रश्नाला आता वरच्या वर एआयचंच उत्तर येतं, खाली कोणी उतरत नाही. ‘व्हीएमसी मशीन अवर रेट एक्सेल’ शोधणारा मात्र बहुतेक कोटेशन द्यायला बसलेला असतो. तो तुमचा.

त्या पानाचंच उदाहरण घेऊ म्हणजे कीवर्ड मिळाल्यावर करायचं काय ते कळेल, कारण नुसता शब्द पानात सात वेळा कोंबून काही होत नसतं. समजा एका व्हीएमसीवर हप्ता किंवा घसारा-व्याज, लाइट बिल, ऑपरेटर, गाळ्याचं भाडं, टूलिंग, मेंटेनन्स असं सगळं मिळून महिन्याला १,२०,००० रुपये जातात. मालक काय करतो, आठ तास गुणिले सव्वीस दिवस म्हणजे २०८ तास, भागाकार केला की ५७७ रुपये, वर थोडा नफा लावून साडेसहाशे सांगून टाकतो. पण सेटिंग, प्रोग्रॅम, मटेरियलची वाट, लाइट गेली, ऑपरेटर आला नाही हे सगळं वजा केलं आणि मशीन खरोखर चिप काढत, म्हणजे धातू कापत होतं ते तास मोजले तर समजा १३० च निघाले. मग तोच रेट ९२३ होतो. म्हणजे साडेसहाशेला काम घेऊन तो प्रत्येक तासाला पावणेतीनशे रुपये खिशातून घालतोय, आणि म्हणूनच ‘काम भरपूर पण हातात काही नाही’. हे तुम्ही रोज गिऱ्हाइकांना कागदावर करून दाखवत असणार. तेच साइटवर टाका, सोबत भरता येईल अशी एक्सेल द्या, आकडे त्याने स्वतःचे भरावेत. एक्सेलसाठी आधी फोन नंबर द्या असली अट घालू नका, चांगली माणसं तिथूनच परत जातात. शेवटी एवढंच लिहा की आकडा बघून धक्का बसला असेल तर फोन करा.

दुसरं पान वसुलीचं. यात तर मालच माल आहे आणि बहुतेक साइटवर वकिली भाषेत लिहिलेलं असतं जे कोणाला कळत नाही. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात स्पष्ट आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, ती तारीख काही झालं तरी ४५ दिवसांच्या पुढे नाही, लेखी काही ठरलेलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, दर महिन्याला व्याजावर व्याज. आणि तक्रारीसाठी सरकारचं समाधान पोर्टल २०१७ मध्ये आलं. उद्यम रजिस्ट्रेशन माल देण्याआधीपासून असलं तर बाजू भक्कम. मग इन्कम टॅक्सच्या १९६१ च्या कायद्यात ४३ बी (एच) चा नियम आला, २०२३-२४ या वर्षापासून, की पैसे वेळेत दिले नाहीत तर देणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळेल. २०२४ च्या मार्चअखेरीला हे ‘त्रेचाळीस बी एच’ ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. तर या एका दुखण्याभोवती किती शब्द आहेत बघा: पंचेचाळीस दिवसांचा नियम, एमएसएमई पेमेंट तक्रार, समाधान पोर्टलवर केस कशी टाकायची, पार्टी पेमेंट देत नाही काय करावं.

पण कायदा कोणीही सांगेल. तुमच्या वाचकाची खरी अडचण वेगळी आहे, की तक्रार केली तर ती कंपनी उद्यापासून काम बंद करेल आणि त्याच्या धंद्यातलं सत्तर टक्के काम तिचंच आहे. हे कुठलं टूल सांगणार नाही, तुम्हाला माहितीये. ‘पार्टी न तोडता पेमेंट कसं काढायचं’ असं पान करा, याला टूलमध्ये शून्य दिसेल, तरी करा. मेलमध्ये काय लिहायचं, बिलावर उद्यम नंबर आणि ४५ दिवसांची ओळ कशी छापायची, अकाउंट्समधल्या कोणाला कधी फोन करायचा, असं बारीकसारीक लिहा.

भाषेचं. लोक तिन्ही भाषांत शोधतात आणि लिपीचा काही भरवसा नाही. मशीन, रेट, कॅल्क्युलेशन असले शब्द इंग्रजी अक्षरांतच टाइप होतात, पार्टी पैसे देत नाही हे कोणी मराठीत बोलून शोधतो, कोणी हिंदीत, कोणी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो. म्हणून सगळं एकाच पानात कोंबायचं नाही, तशी खिचडी कोणालाच धड वाचता येत नाही. रेटचं पान इंग्रजीत एक आणि मराठीत एक अशी दोन वेगळी करा, वसुलीचं मराठीत आधी करा, हिंदीचं नंतर बघू. मराठी पानात पण मशीनला यंत्र आणि कोटेशनला दरपत्रक करू नका म्हणजे झालं.

गावांच्या नावांची पानं करायला भाचा सांगेल, कोच भोसरी, कोच चाकण, कोच तळवडे, कोच सातपूर, मजकूर तोच नाव बदललेलं. नको. गूगलला ते दारातली घाण वाटते आणि वाचणाऱ्यालाही कळतं. कोल्हापूरच्या शिरोलीतल्या फाउंड्रीचं दुखणं वेगळं असतं, तिथलं खरंच काम केलं असेल तर तेवढ्यापुरतं वेगळं लिहा. भोसरीसाठी गूगल बिझनेस प्रोफाइल भरा, ते फुकट आहे, आणि कोणते शब्द शोधून लोकांना तुमचं प्रोफाइल दिसलं तेही दाखवतं. आणि भाच्याने साइटच्या कोडमध्ये मेटा कीवर्ड म्हणून जी स्वल्पविरामांची माळ घातली असेल ना, ती काढली काय आणि ठेवली काय, गूगलने २००९ सालीच सांगितलंय की क्रमवारीसाठी आम्ही ती वापरत नाही.

‘पुण्यातील अग्रगण्य बिझनेस कोच’ असं वर लिहिलंय का? बहुतेक असेलच. त्या जागी ‘सीएनसी-व्हीएमसी जॉब वर्कचा रेट, वसुली, माणसं’ असं सरळ लिहा, एमबीएवाले तिथल्या तिथे वळतील.

एवढं सगळं करायच्या आधी, आज संध्याकाळीच, भाच्याकडून गूगलचं सर्च कन्सोल साइटला जोडून घ्या, नसेल जोडलेलं तर. तेही फुकट. साइट कोणत्या सर्चला दिसली, कितव्या नंबरवर, किती जणांनी क्लिक केलं हे सगळं त्यात येतं, सोळा महिन्यांपर्यंतचं मागचं बघता येतं, पण डेटा जमायला लागतो तो जोडल्यापासून, म्हणून घाई. फार विरळ सर्च ते लपवतं, तरी जे दिसतं तेवढं पुष्कळ. त्यात आठव्या ते विसाव्या नंबरवर जे शब्द सापडतील त्यांच्याकडे आधी बघा, म्हणजे गूगल तुम्हाला त्या प्रश्नाचा माणूस मानायला लागलंय पण पान कमी पडतंय. बहुतेक वेळा तो प्रश्न तुम्ही पानात एका ओळीत उडवलेला असतो, त्याला दोन परिच्छेद आणि एक उदाहरण दिलं की पान वर सरकायची शक्यता वाढते. आणि एखादा भलताच शब्द दिसेल जो तुम्ही कधी लिहिलाच नव्हता, तो वहीत घ्या.

सुरुवातीला दोनच पानं करा, रेट आणि वसुली. तिसरं ऑपरेटर टिकवण्याचं, ते ही दोन नीट झाल्यावर. तीनेक महिने लागतील काही दिसायला, मध्ये रोज नंबर बघत बसू नका. मग त्या क्वेरीच्या यादीचा स्क्रीनशॉट पाठवा मला, गिऱ्हाइकांची नावं-नंबर काही नको, नुसती यादी, त्यावरून पुढची पानं कुठली ते ठरवू.